क्रमांक ७/५० : एका शोभादर्शकाच्या खरेदीची हकिकत

गेल्या वर्षी मार्च महिन्यात मी १,१५० डॉलर मोजून रंगीत काचेचा एक शोभादर्शक विकत घेतला. तो हाताने घडवलेला आहे, एकूण ५० प्रतींपैकी सातवा आहे आणि त्यावर कलाकाराची सही आहे, असे विक्रेत्याने मला सांगितले होते. यांतील एकही गोष्ट खरी निघाली नाही. मी पुण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात २२ वर्षे पदार्थविज्ञान शिकवले असून प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा अजूनही पुस्तक न उघडता शिकवू शकेन, त्यामुळे ही हकिकत लिहिताना मला संकोच वाटतो. परंतु माझ्यासारखीच आवड असलेले बरेच मराठी लोक अमेरिकेत आहेत, आणि मला जे कळायला उशीर झाला ते त्यांना पैसे देण्यापूर्वी कळावे, एवढ्यासाठी सगळे लिहून काढत आहे.

आपल्याकडे शोभादर्शक म्हटले की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातली पुठ्ठ्याची नळी डोळ्यांसमोर येते. आरशाच्या तीन पट्ट्या, टोकाला घासलेली काच किंवा ट्रेसिंग पेपर आणि आत आईच्या फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे. अमेरिकेत मात्र गेल्या चाळीस वर्षांत ही संग्राह्य कलावस्तू होऊन बसली आहे. मी राहते त्या मेरीलँड राज्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे, कारण कोझी बेकर या संग्राहक बाईंनी १९८५ मध्ये बेथेस्डा येथील स्ट्रॅथमोर हॉलमध्ये शोभादर्शकांचे प्रदर्शन भरवले आणि पुढच्याच वर्षी ब्रूस्टर सोसायटी ही कलाकारांची आणि संग्राहकांची संस्था स्थापन केली. चांगल्या कलाकाराच्या हातचा एक नग काही शे डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत जातो, आणि ती किंमत अवाजवी नसते, हे मी स्वतः हात भाजून घेऊन शिकले आहे.

दोन वर्षांपूर्वी मी रंगीत काचकामाच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले. काच कापायची, तिची कड पाण्यावर घासून गुळगुळीत करायची, प्रत्येक तुकड्याच्या कडेभोवती तांब्याची चिकटपट्टी गुंडाळून ती दोन्ही बाजूंना नीट दुमडायची, मग फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावायचे रसायन, लावून कथील आणि शिशाच्या मिश्रणाचा डाख द्यायचा, असे हे काम असते. शिकलेल्या हाताचा सांधा गोलसर, भरीव आणि आतबाहेर सारखा उतरतो; माझे सांधे अजून गांडुळासारखे दिसतात. पण बाहेरचे हे घर म्हणजे निम्मेच काम, कारण खरा कस आरशांत लागतो. आपल्या नेहमीच्या आरशात चकाकणारा मुलामा काचेच्या मागे असतो, त्यामुळे काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरूनही थोडा प्रकाश परततो आणि मुख्य प्रतिमेच्या शेजारी एक पुसट जुळी प्रतिमा उमटते. तोंड बघताना ती जाणवत नाही. मात्र शोभादर्शकात एकच किरण चारपाच वेळा आपटून येतो, म्हणून ही छाया दर वेळी वाढत जाते आणि आकृतीच्या कडा मळकट दिसू लागतात. यासाठी चांगले कलाकार पुढच्याच पृष्ठभागावर मुलामा दिलेले आरसे वापरतात. ते महाग असतात आणि इतके नाजूक की बोटाचा ठसा उमटला तरी पुसताना ओरखडा जायची भीती. शिवाय दोन आरशांमधला कोन अचूक लागतो. ३० अंशांचा कोन असेल तर बारा घरांचे, म्हणजे सहा टोकांचे नक्षत्र दिसते. कोन एका अंशाने जरी चुकला तरी बारा घरांचा हिशेब जुळत नाही आणि समोरची एक पाकळी लंगडी राहते.

एवढे सगळे माहीत असूनही मी फसले, आणि त्याचे कारण असे की विक्रेत्याने वस्तू विकण्याच्या आधी मला एक गोष्ट विकली. उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरातल्या एका छोट्या गावात त्याच्या मावशी राहत होत्या, त्यांनी आयुष्यभर शोभादर्शक जमवले, आता त्या गेल्या आणि घर रिकामे करायचे आहे. वस्तू दुकानदाराच्या हाती पडण्यापेक्षा तिची कदर करणाऱ्याकडे जावी, अशी घरच्यांची इच्छा आहे. मला ते अगदी पटले. आपल्याकडे नाही का, आजीच्या पैठणीसाठी घरची माणसे योग्य सून शोधत बसतात! त्या भागात हस्तकलेची मोठी परंपरा आहे हे मला ठाऊक होते, त्यामुळे गावाचे नाव विचारण्याचीही गरज वाटली नाही.

प्रश्न मी विचारले नाहीत असे नाही. आरसे पुढच्या पृष्ठभागाचे आहेत का, असे विचारल्यावर तासाभरात उत्तर आले की अर्थातच तसेच आहेत. नळीच्या टोकाच्या डबीतले रंगीत तुकडे दिव्याच्या ज्योतीवर वितळवून घडवलेल्या काचेचे आहेत का, तर होय, शंभर टक्के. आतील आकृतीचे छायाचित्र मागितले तर लगेच पाच छायाचित्रे आली, एकाहून एक देखणी. आता मागे वळून पाहताना लक्षात येते की मी प्रत्येक प्रश्नात हवे ते उत्तरच त्याच्या हाती देत होते आणि तो ते होकारासह मला परत करत होता. ‘आरसे कोणते आहेत?’ असे मी विचारले असते, तर कदाचित त्याला उत्तर देता आले नसते. बारावीच्या तोंडी परीक्षेत मी असा प्रश्न कधीही विचारला नसता.

पैशांच्या बाबतीत त्याने शेवटचा डाव टाकला. किंमत १,२०० डॉलर होती. भरणा करण्याच्या ॲपमध्ये खरेदीचा पर्याय निवडला तर आपल्याला शुल्क पडते, त्याऐवजी मित्र किंवा कुटुंबीयांना पैसे पाठवण्याचा पर्याय निवडला तर आपण ५० डॉलर कमी करू, असे तो म्हणाला. माझ्या यजमानांनी शेजारून विचारले, “परत करायची वेळ आली तर काय करशील?” मी म्हटले, “अहो, मावशीची वस्तू विकतोय तो, चोरीची नव्हे.” या पर्यायाने पाठवलेले पैसे ॲपच्या दृष्टीने भेट ठरतात आणि ॲपकडून खरेदीदाराला मिळणारे संरक्षण त्यांना लागू होत नाही, हे तिथल्याच सूचनेत बारीक अक्षरांत लिहिलेले होते. मी ती सूचना वाचली होती आणि पुढे जाण्याचे बटण दाबले होते.

पार्सल आठवडाभरात आले. निळ्या मखमलीची पेटी, जाड कागदावरचे प्रमाणपत्र, नळीच्या बुडाशी कोरलेली न वाचता येणारी सही आणि तिच्याखाली ७/५०. खिडकीशी जाऊन डोळा लावला तेव्हा आकृती जरा फिकट वाटली, पण बाहेर मळभ होते, म्हणून मी तो दोष आभाळाला दिला. दुसऱ्या दिवशी ऊन पडले तरी कडा मळकटच दिसल्या, तेव्हा मी चष्म्याचा नंबर वाढला असावा असे ठरवले. माणूस एकदा पैसे देऊन बसला की वस्तूचा वकील होतो.

आठव्या दिवशी धूळ पुसताना मी शोभादर्शक आडवा हातात धरला होता आणि डोळा न लावता सहज टोकाची पारदर्शक डबी बाजूने पाहत होते. डबी ग्लिसरिनसारख्या घट्ट द्रवाने भरलेली होती. मी ती अर्धा फेरा फिरवली आणि तळाशी काहीच आले नाही. लाल, जांभळे, हिरवे तुकडे अगदी सावकाश, शेवाळातून बुडबुडे निघावेत तसे, वर चढत होते आणि छताला जाऊन एकमेकांना चिकटून बसत होते. पुन्हा फिरवले, पुन्हा तेच. काच ग्लिसरिनमध्ये तरंगत नाही. काचेची घनता पाण्याच्या सुमारे अडीच पट, ग्लिसरिनची सव्वा पट आणि ॲक्रिलिक या प्लॅस्टिकची त्याहूनही किंचित कमी. शंभर टक्के काच म्हणून घेतलेले तुकडे प्लॅस्टिकचे होते, आणि हे सिद्ध करायला मला प्रयोगशाळाही लागली नाही.

त्या संध्याकाळी मी तो वर्गात नेला. आमच्या शिक्षिकांनी डोळ्याकडचे झाकण फिरवून काढले आणि आतल्या आरशाच्या कडेला पेन्सिलीचे टोक अलगद टेकवले. पुढच्या पृष्ठभागाच्या आरशात टोक आणि त्याची प्रतिमा एकमेकांना भिडतात. इथे दोहोंच्या मध्ये काचेच्या जाडीएवढी फट स्पष्ट दिसली. आरसे साध्या दुकानी पट्ट्यांचे होते आणि गरम गोंदाने चिकटवलेले होते, त्या गोंदाचे तंतू आत लोंबत होते. मग त्यांनी बाहेरच्या एका ‘सांध्या’खाली नख घातले. शिशाची चिकटपट्टी होती ती, केळीच्या सालीसारखी सोलून निघाली आणि तिच्याखाली अखंड साधी काच होती, जिच्यावर रंगीत फिल्म लावलेली होती. खऱ्या रंगीत काचेत रंग काचेच्या अंगातच असतो, त्यामुळे कापलेल्या कडेलाही तोच रंग दिसतो. हिची कड खिडकीच्या काचेसारखी हिरवट होती. शेवटी डबी फोडून एक तुकडा बाहेर काढला आणि त्यावर नखांचे पॉलिश काढण्याचे ॲसिटोन कापसाने चोळले, तेव्हा तुकडा चिकट होऊन त्याचा रंग कापसावर उतरला. त्या दिवशी मला रडू आले नाही, परंतु घरी गाडी चालवत येताना मी रेडिओ लावला नाही.

या वस्तूच्या नशिबी फसवणूक जन्मापासूनच लिहिलेली आहे, असे आता वाटते. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने १८१६ मध्ये शोभादर्शक शोधला आणि १८१७ मध्ये त्याचे पेटंट घेतले, पण तोवर कारागिरांना रचना कळून चुकली होती आणि नकलांचा पूर आला. तीन महिन्यांत लंडन आणि पॅरिसमध्ये दोन लाख नग खपले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे, आणि त्या दोन लाखांत शास्त्रशुद्ध रचनेचे बहुधा एक हजारही नसतील, अशी त्याची तक्रार होती. त्याला पेटंटातून जवळजवळ काहीच मिळाले नाही. फरक इतकाच, की त्या काळच्या नकलकारांनी निदान ५० पैकी सातवा असे कोरून ठेवले नव्हते.

त्या कोरलेल्या आकड्याचाही पुढे उलगडा झाला. शिक्षिकांनी ओहायोतल्या त्यांच्या ओळखीच्या एका संग्राहक बाईंना माझ्या शोभादर्शकाची छायाचित्रे पाठवली, तर त्यांच्या कपाटात हुबेहूब तसाच नग निघाला, त्याच सहीचा, आणि त्याच्यावरही ७/५० असेच कोरलेले. त्यांच्या विक्रेत्याच्या आजी वारल्या होत्या. मला आलेल्या पाच सुंदर छायाचित्रांपैकी तीन एका हयात कलाकाराच्या जुन्या कामाची होती आणि चित्रावरून शोध घेण्याची सोय वापरल्यावर ती दोन मिनिटांत सापडली. ती दोन मिनिटे मी खरेदीच्या आधी खर्च केली नाहीत. क्रमांकित प्रतींचा खरा कलाकार कोणता नग कोणाकडे गेला याची नोंद सहसा ठेवतो आणि विचारल्यास सांगतो. ज्याची सही वाचता येत नाही आणि ज्याचे नाव विक्रेत्यालाही सांगता येत नाही, त्याच्या क्रमांकाला काही अर्थ नाही, हे मला ओहायोच्या त्या बाईंनीच समजावले.

पैसे परत मिळाले नाहीत. विक्रेत्याने पहिल्या पत्राला उत्तर दिले, त्यात मावशींच्या आठवणीचा अपमान केल्याबद्दल मला बोल लावला आणि नंतर खातेच बंद केले. ॲपवाल्यांनी नम्रपणे कळवले की आपण भेट पाठवली आहे. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे मी तक्रार नोंदवली, पण ते एकेका ग्राहकाचे भांडण सोडवत नाहीत, तक्रारी एकत्र करून तपासासाठी वापरतात. ओहायोच्या बाईंनी मात्र क्रेडिट कार्डाने रीतसर खरेदी केली होती. बिल आल्यापासून ६० दिवसांच्या आत त्यांनी कार्ड कंपनीला लेखी हरकत कळवली, सोबत पेन्सिलीच्या टोकाचे छायाचित्र आणि आपल्या काचकारागिराचे पत्र जोडले, आणि त्यांची पूर्ण रक्कम परत आली. माझे ५० डॉलर वाचले होते, त्यांचे १,२०० वाचले.

माझा तो नग आता वर्गाच्या फडताळात असतो. शिक्षिकांनी डबी पुन्हा बंद करून ग्लिसरिन भरून घेतले आहे आणि नव्या विद्यार्थ्यांच्या हाती तो देऊन यात काय खोटे आहे ते ओळखा, असे त्या सांगतात. बहुतेक जण आधी नळीला डोळा लावतात.

गेल्या महिन्यात तीच निळी मखमल आणि तीच पाच छायाचित्रे पुन्हा विक्रीला लागलेली मला दिसली. विक्रेत्याचे नाव वेगळे होते, क्रमांक १२/५० होता आणि या वेळी काका वारले होते. मी खरेदीदार म्हणून त्याला लिहिले की किंमत मान्य आहे, फक्त डबी डोळा न लावता बाजूने दिसेल अशी धरून, अर्धा फेरा फिरवून एक मिनिटाचे चित्रीकरण पाठवा, आणि आरशाला टेकवलेल्या पेन्सिलीचे एक छायाचित्र. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.