खासदाराचं प्रगतीपुस्तक: एमपी ट्रॅक वापरून बघितलं, कसं वाटलं

निवडणूक आली की आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेत, तालमीच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर एकच विषय, कोण कुणाच्या गटात गेला आणि कुठल्या तालुक्यात किती लीड पडणार. पण निवडून गेलेला माणूस दिल्लीत पाच वर्षं नक्की करतो काय असं विचारलं की सगळे गप्प. ते बघायचं असेल तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेचं एमपी ट्रॅक म्हणून पान आहे, फुकट आहे, आणि माझ्या मते प्रत्येक मतदाराने एकदा तरी उघडलंच पाहिजे. पाचपैकी चार स्टार देतोय. एक स्टार का कापला ते सांगतो, पण त्यात दोष त्यांचा कमी आणि आपल्या संसदेच्या पद्धतीचा जास्त आहे.

खासदाराचं नाव टाकलं की हजेरी किती टक्के, किती चर्चांमध्ये बोलले, किती प्रश्न विचारले, किती खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली) मांडली, सगळं समोर येतं, आणि शेजारी महाराष्ट्राची आणि देशाची सरासरी पण असते. ही सरासरी लय कामाची आहे, कारण नुसता आकडा बघून जास्त की कमी काय कळणार. आपल्या जिल्ह्यात कोल्हापूर आणि हातकणंगले असे दोन मतदारसंघ, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. मंत्र्यांच्या नावापुढं हे आकडे नसतात बरं का, ते हजेरीची सही करत नाहीत आणि प्रश्न विचारणारे नसून उत्तर देणारे असतात, त्यामुळं मंत्र्याचं पान मोकळं दिसलं म्हणून लगेच स्टेटस टाकू नका.

हजेरी हा आकडा सगळ्यात जास्त व्हायरल होतो आणि माझ्या मते सगळ्यात कमी कामाचा तोच आहे. हजेरीची नोंद झाली की हजर, मग आत दहा मिनिटं बसले की दिवसभर ते त्यातून कळत नाही. उलट डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित केले होते, त्यांना आत यायलाच बंदी, ते काय स्वतःहून दांडी मारत होते का?

प्रश्नांच्या आकड्याचंही तसंच, तो नुसता बघून थांबू नका, प्रश्न उघडून वाचा. संसदेच्या वेबसाइटवर प्रत्येक प्रश्नाची उत्तरासकट पीडीएफ असते. वर मंत्रालयाचं नाव, प्रश्नाचा नंबर, उत्तराची तारीख, मग खाली क, ख, ग अशी कलमं, म्हणजे सरकारला अमुक गोष्टीची माहिती आहे काय, असल्यास तपशील काय, नसल्यास कारणं काय. बऱ्याच वेळा एकाच प्रश्नाखाली चार-पाच खासदारांची नावं असतात, मग तो नक्की कुणाच्या डोक्यातून आला हे आकड्यावरून समजणार कसं. आणि लोकसभेत रोज साधारण २० तारांकित प्रश्न असतात ज्यांची उत्तरं मंत्र्याला उभं राहून द्यावी लागतात, त्यावर तिथल्या तिथं उपप्रश्न टाकता येतो, बाकीचे २३० च्या आसपास अतारांकित, त्यांची उत्तरं फक्त लेखी. तासभरात तारांकितातले पण मोजकेच तोंडी होतात. मंत्र्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारलेला एक प्रश्न माझ्यासाठी कागदावरच्या पन्नासांपेक्षा जास्त मोलाचा आहे.

मी काय शोधतो सांगू? २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद होता. आता कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायचा कर्नाटकचा घाट आहे. मग आमच्या भागातल्या खासदारांनी जलशक्ती मंत्रालयाला त्यावर काय विचारलं, बॅकवॉटरचा, म्हणजे धरणामुळं मागं तुंबणाऱ्या पाण्याचा, अभ्यास मागितला का, उत्तर गोलमाल आलं तर पुढच्या अधिवेशनात परत विचारलं का? तेच कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेचं, तेच उसाच्या एफआरपीचं, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान दराचं. उत्तरात माहिती गोळा करून पटलावर ठेवू असं लिहिलं असेल तर ते सरकारने सभागृहाला दिलेलं आश्वासन धरलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करायला स्वतंत्र समिती असते, तेव्हा तो विषय तिथं संपत नाही. इतकं सगळं बघायला निवांत एक संध्याकाळ लागते, पण खासदार कळतो.

आता कापलेल्या स्टारचं बोलू. कुणी कुठल्या विधेयकावर काय मत दिलं हे मला त्याच पानावर पाहिजे होतं, आणि ते नाही. पण देणार तरी कुठून? आपल्याकडं बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात, 'हो'वाले ओरडले, 'नाही'वाले ओरडले, अध्यक्षांनी निकाल दिला, झालं. नावानिशी नोंद फक्त मतविभागणी झाली, म्हणजे एकेकाचं मत मोजलं, तरच राहते. घटनादुरुस्तीला ती होतेच, म्हणून २०२३ च्या महिला आरक्षणाला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ हे आपल्याला माहीत आहे, आणि २०२५ च्या वक्फ विधेयकावर तिथंच मतविभागणी झाली म्हणून २८८ विरुद्ध २३२. अशा वेळी बाजूने कोण आणि विरोधात कोण ही नावांची यादी कामकाजाच्या अहवालात मिळते, शोधायला लागते पण मिळते. वर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळं व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, निघाला की पक्ष सांगेल तिकडं बटण दाबायचं, नाहीतर खासदारकी जाऊ शकते. तरी मी म्हणतो नोंद पाहिजेच! व्हिप पाळला तरी मत माझ्या वतीनं दिलंय, ते मला दिसायला नको का?

ब्रिटनमध्ये दे वर्क फॉर यू म्हणून साइट २००४ पासून चालू आहे, तिथं खासदाराचं प्रत्येक मत नावासकट दिसतं कारण त्यांच्याकडं मतविभागणी ही नेहमीची गोष्ट आहे. खर्चाचं पण तसंच, २००९ मध्ये तिथं खासदारांच्या बिलांचा मोठा घोटाळा बाहेर आला, त्यानंतर स्वतंत्र संस्था नेमली आणि आता एकेक क्लेम लोकांना बघता येतो.

आपल्याकडं खर्च म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे पगार-भत्ते, एप्रिल २०२३ पासून महिना १ लाख २४ हजार पगार, ८७ हजार मतदारसंघ भत्ता, ७५ हजार ऑफिस खर्च. हे ठरलेले आकडे, त्यातला भत्ता कुठं गेला याची बिलं काय आपल्याला बघायला मिळत नाहीत. दुसरा खासदार फंड, वर्षाला ५ कोटी. हा पैसा खासदाराच्या हातात येतच नाही, ते काम सुचवतात आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. त्यामुळं गल्लीत हायमास्टखाली नावाचा बोर्ड दिसला की खिशातून दिल्यासारखे आभार मानायची गरज नाही, पण कुठलं काम सुचवलं आणि कुठलं अर्धवट पडलंय हे जरूर विचारा. या फंडाचं पोर्टल वेगळं आहे, एमपी ट्रॅकवरच जोडून मिळालं असतं तर बरं झालं असतं.

अजून एक, एमपी ट्रॅकचं पान इंग्रजीत आहे. आमच्या करवीर-राधानगरीतला शेतकरी ज्याला उसाच्या दराचं एकेक कलम पाठ आहे त्याला हे मराठीत मिळालं तर तो सभेत उभं राहून खासदाराला घाम फोडेल.

आणि आमदारांचं काय? जुलै २०२२ मध्ये विधानसभेत अध्यक्षांच्या निवडणुकीला आणि विश्वासदर्शक ठरावाला शिरगणती झाली, एकेक आमदार उभा राहून नाव आणि नंबर सांगत होता, टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. म्हणजे मनात आणलं तर नावानिशी मत नोंदवता येतं. मुंबईच्या आमदारांचं प्रगतीपुस्तक प्रजा फाउंडेशन काढतं. कोल्हापूर जिल्ह्यात १० आमदार आहेत, त्यांचे प्रश्न, लक्षवेधी, भाषणं, फंडातली कामं अशी वर्षातून एकदा मराठीत मांडायला शिवाजी विद्यापीठातली पोरं आणि आपल्यासारखे चार जण पुरेसे आहेत. कुणी सुरू करत असेल तर कामकाजाचे अहवाल वाचून टाइप करायचं काम माझ्याकडं लागलं.