पुण्यातला अंत्यविधी पास: सेवा चांगली, पण कागद नीट तपासा

स्मशानभूमीत नेण्याआधी महापालिकेचा पास लागतो. सगळा भार डॉक्टरांच्या मृत्यू-कारणाच्या दाखल्यावर असतो: रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर ४-अ. घरी मृत्यू झालेल्यांच्या नातेवाइकांचीच जास्त ओढाताण होते, कारण दाखला शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच द्यायचा असतो. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ असेल तर मूळ आजार लिहून घ्या. अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तर पोलिसांना कळवा. पंचनामा आणि गरजेनुसार शवविच्छेदन झाल्याशिवाय दहन नाही. पेसमेकर आधी काढून घ्या, दाहिनीत त्याची बॅटरी फुटते. नावाचं स्पेलिंग आधारशी अक्षरन्‌अक्षर जुळवा, पुढे बँक-विम्यात तेच अडतं. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांत झाली तर विलंब शुल्क नाही.