बेताच्या पैशात नवं स्वयंपाकघर: काय ठेवायचं, काय बदलायचं आणि कोणता पर्याय घ्यायचा

स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी शटरचा रंग ठरतो. पैसे मोजके असतील तर उलट बाजूनं सुरुवात करा. टेप आणि खडू घ्या आणि न हलणाऱ्या चार गोष्टींवर खुणा करा: छत पेलणारी भिंत, बीम-कॉलम, खिडकी आणि सांडपाणी बाहेर जायची जागा. उरलेलं सगळं ह्या चार खुणांच्या मधे बसवायचं असतं. खुणा मान्य करून आखणी केली तर कमी पैशात चांगलं स्वयंपाकघर होतं. त्यांच्याशी भांडत बसलात तर निम्मा पैसा तोडफोडीत आणि ती झाकण्यात जातो.

आधी घर कोणतं ते ओळखा

मराठवाड्यात साधारण तीन प्रकारची घरं दिसतात आणि तिघांचे नियम वेगळे आहेत. एक, दगड-मातीच्या जाड भिंतींचं, माळवदाचं जुनं घर. दोन, कॉलम नसलेलं, विटांच्या भिंतींवरच स्लॅब टेकलेलं घर, म्हणजे लोड बेअरिंग. लातूर, बीड, परभणीच्या जुन्या कॉलन्यांत अशी घरं खूप आहेत. तीन, कॉलम-बीमवर उभा असलेला फ्लॅट किंवा रो-हाऊस.

ओळखायची पहिली पायरी घरच्या घरी होते. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा. प्लास्टर धरून साडेपाच-सहा इंच भरली तर ती साडेचार इंची आडभिंत, म्हणजे बहुधा नुसती खोल्या वेगळ्या करणारी. दहा इंच भरली तर ती नऊ इंची आहे, आणि घरात कॉलम दिसत नसतील तर छताचा भार तिच्यावरच आहे असं धरून चाला. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत उभी आहे का, तेही बघा. एवढ्यावर हातोडा मात्र उचलायचा नाही. जुन्या बांधकामात साडेचार इंची भिंतीवरही स्लॅब टेकवलेला सापडतो. इंजिनिअरच्या एका भेटीची फी ह्या सगळ्या कामातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

"भाऊ, ही भिंत काढली की हॉल कसा मोकळा होतो बघा," असं मिस्त्री अगदी सहज म्हणतो. तो वाईट हेतूनं म्हणत नाही, पण निर्णय त्याच्यावर सोडू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन. भार पेलणारी भिंत कमजोर करणं म्हणजे काय, हे आपल्या भागाला वेगळं सांगायची गरज नाही.

भिंत पाडणं की भिंतीत खिडकी काढणं

लोकांना भिंत पाडायची असते ती उजेडासाठी आणि आतून बाहेर बोलता यावं म्हणून. ही दोन्ही कामं तीन-चार फूट रुंदीच्या सर्व्हिंग खिडकीनं होतात. भार नसलेली आडभिंत असेल तर ती पूर्ण काढता येते. पण मग फरशीत भिंतीच्या जागेचा पट्टा उघडा पडतो, जुन्या फरशीशी जुळणारी टाइल मिळत नाही आणि हॉलची फरशीही बदलावी लागते. शिवाय फोडणीचा खकाणा थेट सोफ्यापर्यंत. खिडकी काढली तर फरशीला हात लागत नाही, आणि भिंतीची खालची बाजू ओटा किंवा फ्रिज ठेवायला शिल्लक राहते. बेताच्या बजेटमध्ये मी खिडकीच्याच बाजूनं आहे.

भार पेलणाऱ्या भिंतीत अशी खिडकी काढायची तर वरती लिंटेल (वरचा भार पेलणारी आडवी काँक्रीटची पट्टी) हवं, त्याला दोन्ही बाजूंना किमान सहा इंच टेकण हवं, आणि फोडताना स्लॅबला तात्पुरते टेकू हवेत. हे इंजिनिअरच्या देखरेखीखालीच. माळवदाच्या घरात भिंतीला हात लावूच नका. तिथे आधीपासून असलेले कोनाडे, दिवळ्या हेच तुमचे कप्पे. त्या घरात ओटा स्वतःच्या विटांच्या पायांवर वेगळा उभा करा आणि सिंक मातीच्या भिंतीला चिकटवू नका. मातीच्या भिंतीत मुरलेलं पाणी सिमेंटच्या प्लास्टरमागे अडकून राहतं आणि भिंत आतून सुटत जाते.

सिंक: त्याच भिंतीला की दुसऱ्या

सगळ्यात जास्त पैसा इथे वाचतो किंवा जातो, म्हणून जरा सविस्तर. सांडपाण्याच्या पाइपाला उतार लागतो, साधारण चाळीस फुटाला एक फूट. म्हणजे सिंक त्याच ओट्यावर आठ फूट सरकवलं तर पाइप एका टोकाला अडीच इंच खाली यायला हवा. सिंकच्या ट्रॅपमधून, म्हणजे खालच्या वळणदार नळीतून, पाइप जमिनीपासून फूटभर वर बाहेर पडतो, त्यामुळे ओट्याखाली एवढा उतार आरामात मिळतो. एल आकाराच्या ओट्यात कोपरा वळूनही मिळतो, फक्त वळणावर साफ करायचं झाकण ठेवायचं.

पण मधे दार आलं की गणित संपलं. पाइपाला फरशीखालून जावं लागतं. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये स्लॅबवरची भर आणि फरशी मिळून दोन-तीन इंच असते. त्यात दोन इंची पाइप, त्याचा उतार आणि वरची टाइल बसत नाही. बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो, स्वयंपाकघराचा बहुधा नसतो. मग एकतर सगळ्या खोलीची फरशी उचलायची, नाहीतर स्लॅब भोसकून खालच्यांच्या छताला पाइप लटकवायचा. तळमजल्यावर फरशी खोदता येते, पण तिथेही जोत्याचा बीम कापायचा नाही.

निवड सोपी आहे: सिंक ओट्याच्या ओळीत कुठेही सरकवा, दार ओलांडून नेऊ नका. परभणीत बहिणीच्या घरी सिंक खिडकीसमोरून समोरच्या भिंतीला न्यायचं सगळ्यांच्या मनात होतं, मधे मागचं दार. शेवटी सिंक त्याच भिंतीला तीन फूट सरकवलं, शेगडी दुसऱ्या टोकाला नेली, आणि मधल्या मोकळ्या जागेत परात ठेवून भाकरी थापायची सोय झाली. हवं होतं ते एवढंच होतं.

ओटा सरळ, एल की समोरासमोर

इथे खोलीची रुंदीच उत्तर देते. ओटा दोन फूट खोल असतो आणि समोर वावरायला साडेतीन फूट तरी हवेत. आठ फूट रुंद खोलीत समोरासमोर दोन ओटे करून मधे चार फूट राहतात, चालतं. सात फुटांत तीनच राहतात. खालचं शटर उघडलं की माणूस अडकतो. तिथे समोरच्या बाजूला फूट-सव्वा फूट खोलीचं कपाट करा, दुसरा ओटा नको.

कोपऱ्यात कॉलम बाहेर आलेला असेल तर एल करताना दगडाला खाच पाडावी लागते, आणि काटकोनी खाचेच्या टोकापासून दगड तडकतो. खाच आतून गोलसर करून घ्या, किंवा एलचा जोड बरोबर कॉलमपाशीच आणा म्हणजे खाच पाडायचीच गरज उरत नाही. कॉलम आणि भिंत एका रेषेत आणायला खोटी भिंत उभारू नका. त्यात जागाही जाते आणि झुरळांना घर मिळतं.

उंची ठरवताना दुकानाचं माप विचारू नका. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिच्या कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा हवा. भाकरी थापताना खांद्यातून जोर लावावा लागतो, म्हणून आपल्याकडे थोडा खालचाच बरा. पाच फूट उंचीच्या बाईला 34 इंची ओटा रोज खांदेदुखी देतो.

कडप्प्याचे कप्पे की मॉड्युलर

पहिला पर्याय: कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फरश्यांचे कप्पे, वर दगड, पुढे फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची शटरं, आणि दोन-तीन खणांत स्टीलच्या ट्रॉल्या. दुसरा: फॅक्टरीत तयार होऊन येणारे प्लायवूड किंवा तत्सम बोर्डचे खोके.

मॉड्युलरची बाजू आधी मांडतो, कारण ती खरी आहे. काम दोन-तीन दिवसांत बसतं, घरात धूळ कमी. ड्रॉवर पूर्ण बाहेर येतात, वाकून मागचा डबा शोधावा लागत नाही. घर भाड्याचं असेल किंवा चार वर्षांत बदलायचं असेल तर खोके बऱ्याच अंशी सोडवून नेता येतात. काळ्या जमिनीवरच्या तळमजल्यात त्याचा आणखी एक फायदा आहे: पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, फरशी थोडी खालीवर होते, आणि खोक्यांचे पाय फिरवून लेव्हल परत जुळवता येते. कडप्प्याचा ओटा तसा हलत नाही. भिंतीशी त्याचा जोड उघडतो. म्हणून तिथे व्हाइट सिमेंटऐवजी सिलिकॉन भरून घ्या, ते थोडं ताणलं जातं.

तरीही बेताच्या बजेटला, स्वतःच्या घरात, मी कडप्प्याचे कप्पेच सुचवीन. जुन्या घरांत भिंती काटकोनात नसतात. मिस्त्री दगड जागेवर कापून बसवतो, फॅक्टरीचा खोका मात्र काटकोनीच येतो आणि मागे राहिलेली फट पट्ट्यांनी झाकावी लागते. दुसरं कारण वाळवी. जमिनीलगतच्या लाकडी मालाला तिचा धोका कायम, दगडाला नाही. तिसरं कारण पाणी. सिंकखालचा खण कधी ना कधी भिजतोच. पार्टिकल बोर्ड भिजला की फुगतो आणि बिजागरीचे स्क्रू सुटतात. मॉड्युलर घ्यायचंच असेल तर सिंकखालच्या खोक्यासाठी तरी आयएस 710 चा शिक्का असलेला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा, प्लाय मागा. आयएस 303 चा एमआर ग्रेड दमट हवेपुरता असतो, सतत भिजण्यासाठी नसतो. सर्वात मोठं कारण हे की कडप्प्याचं काम टप्प्याटप्प्यानं होतं. ह्या वर्षी कप्पे आणि दगड, पुढच्या दिवाळीला शटरं, तोवर पडदा. मॉड्युलरचा पैसा एकदम द्यावा लागतो.

ट्रॉल्या घेताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही म्हणजे अस्सल 304 स्टील. ही कसोटी पुरेशी नाही. स्वस्त 202 ग्रेडलाही चुंबक बहुधा चिकटत नाही, पण ते लवकर गंजतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

सिलिंडरचा खण दोन्ही पर्यायांत एकाच नियमाचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून त्या खणाला तळाशी जाळी हवी, घट्ट बंद शटर नको. सिलिंडर उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर.

वरचा दगड: कडप्पा की ग्रॅनाइट

खाली कप्प्यांना कडप्पा उत्तम, वर मात्र ग्रॅनाइटच, आणि ह्याचं कारण आपलं पाणी आहे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग नळाभोवती, सिंकच्या कडेला बसतात. ते काढायला आपण लिंबू, व्हिनेगर किंवा त्याहून कडक काहीतरी वापरतो. कडप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड, आंबट पदार्थ त्यांचा पृष्ठभाग खातो आणि पॉलिश जातं. म्हणजे डाग काढायला गेलात की दगडच जातो. ग्रॅनाइटला लिंबानं काही होत नाही. पैसे कमी पडत असतील तर भारी रंगाचा हट्ट सोडा, साधा काळा किंवा करडा ग्रॅनाइट घ्या.

चिमणी की एक्झॉस्ट

बाहेरच्या भिंतीला शेगडी असेल तर एक्झॉस्ट पंखा पुरतो, फक्त तो उघड्या खिडकीला लागून नको. बाहेरचीच हवा ओढून बाहेर टाकतो. ठेचा आणि येसराचं भाजणं रोजचं असेल आणि स्वयंपाकघर हॉलला उघडं असेल तर पाइपवाली चिमणी घ्या. तिचा सहा इंची पाइप बीममधून नेऊ नका. खिडकीची वरची एक काच काढून तिथे पत्रा बसवा आणि त्यातून न्या.

पाण्याचा साठा

नळ काही दिवसांआड येतो तिथे साठ्याची जागा आखणीतच हवी. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना ह्याचं महत्त्व माहीत आहे. दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे दोनशे किलो. वरच्या मजल्यावर तो भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा. पातळ सज्ज्यावर पाचशे लिटरची टाकी चढवू नका, तो डबे-भांड्यांसाठी असतो.

खर्चाची वाटणी मी अशी करीन: शंभरातले पंचवीस रुपये पाइप, वायरिंग आणि अर्थिंगला, चाळीस ओटा-दगडाला, दहा अडचणीला राखून, आणि उरलेले टाइल्स, शटर, रंगाला. फ्रिज, मिक्सर, आरओ, मायक्रोवेव्ह ह्यांचे पॉइंट आत्ताच काढा. नंतर एका पॉइंटसाठी टाइल फोडावी लागते. डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या, टाइल्स लावायच्या आधी सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा, सगळे नळ उघडून तासभर थांबा, आणि पाइपाच्या प्रत्येक जोडावरून कोरडा हात फिरवा. हात ओला झाला तर प्लंबरला त्याच दिवशी परत बोलवा, टाइलवाल्याला दुसऱ्या दिवशी या म्हणा.