फेसबुकची साफसफाईची साधनं: स्वतःची वॉल स्वच्छ होते, कमेंट्स राहतात

जुन्या पोस्ट्स आवरण्यासाठी फेसबुकनं दिलेली साधनं स्वतःच्या वॉलपुरती चांगली आहेत. दुसऱ्यांच्या वॉलवर आपण जे लिहून ठेवलंय तिथं ती तोकडी पडतात, आणि नाव खराब होतं ते बहुतेक तिथंच.

सगळ्यात कामाचा आहे 'अ‍ॅक्टिव्हिटी लॉग'. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत तो सापडतो. 2020 मध्ये 'मॅनेज अ‍ॅक्टिव्हिटी' आल्यापासून एकेक पोस्ट उघडत बसावं लागत नाही. तारखेनं गाळा, खुणा करा आणि एका दमात अर्काइव्ह किंवा ट्रॅशमध्ये टाका. अर्काइव्हमधलं फक्त आपल्याला दिसतं, ट्रॅशमधलं 30 दिवसांनी कायमचं जातं. शंका असेल तर अर्काइव्हच बरं.

त्याआधी आपल्या माहितीची प्रत उतरवून घ्या, तीही एचटीएमएलमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडून वाचता येणाऱ्या रूपात. जेसन हे प्रोग्रामसाठी असलेलं रूप निवडलंत तर देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हांच्या रांगा येतात, कारण त्या फाइलीत अक्षराचे बाइट सुटे सुटे लिहिलेले असतात.

'लिमिट पास्ट पोस्ट्स' हे मात्र बोथट हत्यार. 'पब्लिक' आणि 'मित्रांचे मित्र' असलेल्या सगळ्या जुन्या पोस्ट्स ते एका फटक्यात 'फ्रेंड्स'वर आणतं. उलट फिरवायचं बटण नाही. एखादा लेख लोकांसाठी खुला ठेवायचा असेल तर तो नंतर हातानं परत पब्लिक करावा लागतो. शिवाय ज्यांना टॅग केलंय त्यांना आणि त्यांच्या मित्रांना पोस्ट दिसत राहू शकते. आणि यादीत निम्मे अनोळखी असतील तर 'फ्रेंड्स'ला तरी काय अर्थ?

आता खरी अडचण. दुसऱ्याच्या पोस्टखालची आपली कमेंट कुणाला दिसावी हे त्या पोस्टचा मालक ठरवतो. आज मित्रांपुरती असलेली पोस्ट त्यानं उद्या पब्लिक केली की आपली कमेंटही उघड्यावर. 'लिमिट पास्ट पोस्ट्स'चा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. लॉगमध्ये 'कमेंट्स' उघडून त्या स्वतः काढणं एवढाच उपाय. काम कंटाळवाणं आहे, पण सुरुवात इथूनच करावी.

'टाइमलाइन रिव्ह्यू', म्हणजे आपल्याला टॅग केलेल्या पोस्टला आधी मंजुरी देण्याची सोय, हिच्याबद्दलही गैरसमज असतो. मंजुरी नाकारली की टॅग केलेली पोस्ट फक्त आपल्या टाइमलाइनवर येत नाही, बाकी ठिकाणी दिसतेच. टॅग काढला तरी फोटो मालकाकडे राहतो.

'आपल्याला फोन नंबरवरून कोण शोधू शकतं' हे सेटिंग 'ओन्ली मी'वर न्या. 2021 मध्ये उघड्यावर आलेली 53 कोटींहून अधिक खात्यांची माहिती फोन नंबरवरून ओळखीचे शोधून देणाऱ्या, संपर्क जुळवण्याच्या सोयीचा गैरवापर करूनच गोळा केली होती.

शेवटी 'व्ह्यू अ‍ॅज' उघडून अनोळखी माणसाला काय दिसतं ते तपासा. पोस्ट गेली तरी गूगलच्या निकालात तिच्या जुन्या ओळी काही काळ रेंगाळतात. त्यासाठी गूगलच्या 'रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट' पानावर तो दुवा टाकावा लागतो.