टॅबसाठी आधी पेन घ्यावं की कीबोर्ड?

"टॅब तर घेतला, आता त्याला पेन घेऊ की कीबोर्ड? एकदम दोन्ही परवडत नाहीत." ओळखीतलं कुणी ना कुणी हे विचारतंच. मी मराठी पुस्तकांची प्रुफं तपासते, गेली तीन वर्षं बहुतेक काम टॅबवरच. दोन्ही रोज वापरते, म्हणून आधी उत्तर सांगते आणि मग कारणं. दुसऱ्याच्या मजकुरावर काम असेल, म्हणजे पीडीएफ वाचणं, खुणा करणं, अभ्यासाची टिपणं, गणितं, तर पेन. स्वतःचा लांब मजकूर लिहायचा असेल तर कीबोर्ड.

पेन घेताना सगळ्यात जास्त फसगत होते ती "कुठल्याही टॅबला चालतं" या शब्दांमुळे. रबरी किंवा चकतीच्या टोकाचं साधं पेन खरंच कुठल्याही स्क्रीनवर चालतं, पण टॅबच्या दृष्टीने ते म्हणजे बोटच. तळहात टेकला की तोही उमटतो. मी सुरुवातीला असंच एक घेतलं होतं. 'मुलाना'वर अनुस्वार द्यायला गेले, तर टिंब वरच्या ओळीतल्या वेलांटीवर जाऊन बसलं. मराठीत टिंब, रफार, मात्रा सगळं शिरोरेषेच्या वर, दोन ओळींच्या चिंचोळ्या जागेत. तिथे बारीक टोकच लागतं.

सॅमसंगच्या टॅब एस सिक्स लाइट किंवा एस नाइन एफई सोबत एस पेन बॉक्समध्येच येतं आणि लिहिण्यासाठी ते चार्ज करावं लागत नाही. मला ही फार मोठी सोय वाटते. आयपॅडचं पेन्सिल वेगळं घ्यावं लागतं आणि कुठलं पेन्सिल कुठल्या आयपॅडला चालतं हे नीट बघूनच घ्यावं. २०२३मध्ये आलेल्या यूएसबी-सी पेन्सिलला दाब कळत नाही, म्हणजे जोर देऊन रेघ जाड होत नाही. चित्रं काढणाऱ्याने ते घेऊ नये. खुणा आणि टिपणांना मात्र ते पुरेसं आहे.

आता कीबोर्ड. स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडला की आडव्या टॅबचं जवळजवळ अर्धं पान झाकलं जातं आणि लेख लिहिताना मागचं वाक्य दिसेनासं होतं. खऱ्या कीबोर्डचा पहिला फायदा हाच. दुसरा, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी) येणाऱ्यांसाठी: साधा 'र', हलन्त, 'य' दाबलं की 'आचार्यांना', आणि तोच 'र' शिफ्टसकट दाबला की 'आचाऱ्यांना'. रोमनमधून लिहिताना गुरुजी आणि स्वयंपाकी यांचं स्पेलिंग एकच होतं, मग सुचवलेल्या शब्दांतून योग्य तो निवडत बसावं लागतं. प्रुफात ही चूक मी किती वेळा पकडली असेल याची गणतीच नाही.

ब्लूटूथ कीबोर्ड स्वस्त मिळतो आणि उद्या टॅब बदलला तरी चालतो, पण त्याचं चार्जिंग वेगळं सांभाळावं लागतं. पिनांनी जोडला जाणारा कीबोर्ड टॅबच्याच बॅटरीवर चालतो, मात्र तो त्या मॉडेलपुरताच. अकरा इंची टॅब साधारण अर्ध्या किलोचा. कीबोर्डच्या कव्हरसकट पिशवीतलं वजन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. लोकलने रोज जाणाऱ्याला ते खांद्यावर जाणवतं.

पेन असो वा कीबोर्ड, जीबोर्ड हा गूगलचा स्क्रीनवरचा कीबोर्ड फुकट आहे, तो आधी टाकून बघा. अँड्रॉइड टॅबवर त्यात मराठीत बोटाने किंवा पेनने लिहून टाइप करता येतं, बोलूनही. माझ्या सासऱ्यांना बोलून लिहिणंच आवडतं. विरामचिन्हं मात्र मी नंतर हाताने घालते.

टिपणांच्या ॲपांत वननोट फुकट आहे आणि टॅब, फोन, विंडोजचा संगणक सगळीकडे तीच वही उघडते. सॅमसंग नोट्समध्ये लिहायला हात जास्त मोकळा वाटतो, पण उद्या दुसऱ्या कंपनीचा टॅब घेतला तर वह्या हलवण्याचा व्याप होतो. म्हणून दोन-चार वर्षांच्या अभ्यासाची टिपणं असतील तर मी वननोटच सुचवेन. पीडीएफवर खुणा करायला ॲक्रोबॅट रीडरची फुकट आवृत्ती पुरते. मजकूर रंगवता येतो, ओळीखाली रेघ मारता येते, शेरा लिहिता येतो, आणि समोरच्याला संगणकावर तो शेरा शेरा म्हणूनच दिसतो. काही नोट्सच्या ॲपांतून पाठवलेल्या पीडीएफमध्ये खुणा पानातच मुरून जातात, मग अक्षरजुळणी करणाऱ्याला त्या डोळ्यांनी शोधाव्या लागतात. शाळेतल्या मुलांसाठी ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरची पाठ्यपुस्तकं ॲक्रोबॅटमध्येच उघडून द्या, वेगळं काही विकत घेऊ नका.

स्क्रीनवर लावायच्या संरक्षक काचेबद्दल थोडंसं. मॅट काचेवर पेन कागदासारखं सरकतं, ट्यूबलाइटची चमकही कमी होते, पण अक्षर किंचित धूसर दिसतं आणि पेनाची निब लवकर झिजते. दिवसभर लिहिणाऱ्याने मॅट घ्यावी, वाचणाऱ्याने आणि सिनेमे बघणाऱ्याने साधी टेम्पर्ड.

दुकानात जाताना आपला टॅब घेऊन जा. कीबोर्ड तिथेच जोडा, भाषा मराठी करा आणि 'आचाऱ्यांना' टाइप करून बघा. बऱ्याच कीबोर्डांवर देवनागरी अक्षरं छापलेली नसतात, ते चालेल. पण तुमच्या टॅबच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या कीबोर्डसाठी मराठीची मांडणीच नसेल, तर तो कीबोर्ड इंग्रजीपुरताच उरेल. पेन घेत असाल तर तळहात टेकून एका शब्दावर अनुस्वार द्या. टिंब जागेवर पडलं, तरच पैसे काढा.