फरशीकाम आणि व्हॉलीबॉल: नी-पॅडचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फरशी बसवणाऱ्या कारागिराचा बराचसा दिवस गुडघ्यांवरच जातो. आमच्याकडे बहुतेक जण गुडघ्याखाली गोणपाटाची घडी किंवा टाइलच्या खोक्याचा पुठ्ठा घेतात. पण तो प्रत्येक फरशीला पुढे सरकवावा लागतो आणि ओल्या मालात (सिमेंट-वाळूच्या मिश्रणात) भिजला की निकामी होतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मी बाहेरून कडक कवच व आत जाड फोम असलेले, पट्ट्यांनी बांधायचे नी-पॅड घेतले, आणि रविवारच्या व्हॉलीबॉलसाठी मोज्यासारखे चढवायचे पातळ पॅड वेगळे घेतले.

हे दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चेंडू उचलायला झेप घेतली की खेळातल्या पॅडला एका क्षणाचा मार झेलायचा असतो आणि लगेच धावताही यायला हवे. कामाच्या पॅडवर मात्र तासन्‌तास वजन असते. गुडघ्याच्या वाटीपुढे, कातडीच्या लगेच खाली द्रवाची एक पातळ पिशवी असते. ती सततच्या दाबाने आणि घासण्याने सुजते, आणि फरशी व गालिचे बसवणाऱ्यांना हा त्रास जडतो तो त्यामुळेच. जाड पॅड हा भार वाटीवरून नडगीच्या वरच्या भागापर्यंत पसरवतो. खेळाच्या पॅडचा फोम फरशीवर टेकताच चपटा होतो.

ईएन १४४०४ या युरोपीय मानकात गुडघे टेकून करायच्या कामासाठी संरक्षणाच्या ०, १ आणि २ अशा पातळ्या आहेत. शून्य पातळीचा पॅड फक्त सपाट जमिनीसाठी असतो, टोकदार वस्तू आत घुसण्यापासून तो संरक्षण देत नाही. कटरने कापलेल्या टाइलच्या कपच्या सगळीकडे विखुरलेल्या असतात, त्यामुळे आमच्या कामाला कवच हवेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

उणिवाही आहेत. खालचा पट्टा लवणीत रुततो, आणि सैल केला तर उठताबसता पॅड नडगीवर घसरतो. पट्टे रुंद व ताणले जाणारे असतील तर हा त्रास कमी होतो. सिमेंटची धूळ बसून वेल्क्रोची पकड सुटते, म्हणून मी तो जुन्या टूथब्रशने साफ करतो. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर कवच सटकते आणि त्याला चिकटलेली कच फरशीवर ओरखडे पाडते. तिथे रबरी तळाचा पॅड निःसंशय चांगला. सर्वांत जपायचे ते ओल्या मालाला, कारण तो पॅडच्या आत शिरून कातडीवर दाबला गेला तर सिमेंटमधील क्षाराने भाजल्यासारखी जखम होते. जेवणाच्या सुट्टीत पॅड काढून गुडघे धुवावेत.

पॅडने दाब विभागला जातो, पण गुडघा पूर्ण दुमडून बसल्याने सांध्यावर येणारा ताण तो घालवत नाही, त्यामुळे अधूनमधून उठून पाय सरळ करावेच लागतात. माझ्या पॅडचा फोम आता वाटीखाली दबून राहिला आहे. कवच धड असूनही आतली गादी सुटी मिळत नाही, म्हणून पुढची जोडी मी गादी बदलता येणारीच घेणार आहे.