मौनाची रिट्रीट: पैसे वसूल, उशी सोडून

मौनाची रिट्रीट म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते रविवार चर्चच्या एका घरात राहून, न बोलता प्रार्थनेत काढायचे. आधी फोनचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. हो, जमा करून घेतात. शुक्रवारी संध्याकाळी नाव नोंदवलं की टेबलावरच्या सिस्टर एका पाकिटावर तुमचं नाव लिहितात, फोन त्यात घालतात आणि रविवारी जेवणानंतर परत देतात. घरच्यांना ऑफिसचा नंबर देऊन ठेवायचा. माझ्या शेजारच्या खोलीतल्या बाईंनी दुसरा फोन पर्समध्ये लपवला होता. तो रात्री साडेअकराला वाजला आणि अख्ख्या मजल्याला कळलं की त्यांच्या नातवाला ताप आहे.

रिट्रीट हाऊसचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. अशी मौनातली, इग्नेशियन (संत इग्नेशियसच्या) पद्धतीची रिट्रीट बऱ्याच ठिकाणी होते. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस) आपापल्या चर्चच्या सूचनाफलकावर नजर ठेवावी. मी लिहितेय ते आमच्या वसईतल्या बायका सारख्या विचारतात म्हणून. "बाई, एवढे पैसे घालून गप्प बसायला कशाला जायचं?" शाळेत तीस-एक वर्षं मुलांना गप्प बसवण्यात गेली, तेव्हा प्रश्न माझ्यासाठीही गैरलागू नव्हता.

पैसे माणशी १५०० रुपये. त्यात दोन रात्री, सगळी जेवणं, चहा. खोली एकटीची, स्वच्छ, मच्छरदाणी मागितली तर मिळते. उशी इतकी कडक की मी शालीची घडी करून डोक्याखाली घेतली. शुक्रवारी मांस नसतं, म्हणून बांगड्याचं कालवण आणि भात. शनिवारी सकाळी पाव, उकडलेलं अंडं, रात्री पेज आणि सुक्या जवळ्याची चटणी. बिनसाखरेचा चहा वेगळ्या किटलीत. जेवणाबद्दल माझं काही म्हणणं नाही, फक्त न बोलता जेवताना शेजारणीचं चावणं फार ऐकू येतं.

आता मुख्य गोष्ट. मंडपातल्या मोठ्या रिट्रीट मी केलेल्या आहेत. कीबोर्ड, ड्रम, हजारो माणसं, टाळ्या, रडणं, आणि शेवटच्या दिवशी 'आज तुमचं जुनं आयुष्य धुऊन निघालं' अशी घोषणा. त्याची टिंगल करायची नाही. माझ्या नणंदेच्या नवऱ्याची दारू तशाच एका मंडपात सुटली आणि आजतागायत सुटलेली आहे. पण माझं दुखणं दारूचं नव्हतं. माझं दुखणं सात-बाराचं होतं.

वडिलांची वाडी होती. केळी, पानवेल, कडेला सोनचाफा, मधोमध विहीर. वडील गेल्यावर त्यांच्या महिन्याच्या मिस्सेच्या (चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या) दिवशी, घरात पाहुणे जेवत असताना, थोरल्या भावाने माझ्यासमोर कागद ठेवला. 'नुसतं नाव लावायचंय,' म्हणाला. ते हक्कसोडपत्र होतं. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, आणि आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा अशा वेळी मुलाला आणि मुलीला सारखा वाटा देतो. हे मला माहीत नव्हतं असंही नाही, पण बापाच्या मिस्सेच्या दिवशी कोण कायदा काढतं? आज तिथे बिल्डरचे टॉवर आहेत. त्यानंतर रविवारच्या मिस्सेत 'एकमेकांना शांती द्या' म्हटलं की मी हात डावीकडच्यांना द्यायची. भाऊ उजवीकडे बसतो.

मंडपातून मी दर वेळी हलकी होऊन यायची आणि सोमवारी टॉवर दिसला की पुन्हा जड. म्हणून यंदा हे मौनाचं.

पद्धत समजावून सांगते. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला लढवय्या. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचायला त्याला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या. घरात सापडलं ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. तिथून माणूस बदलला. पुढे मानरेसा गावी एकांतात काढलेल्या महिन्यांत जी टिपणं केली त्यांतून ही साधना आकाराला आली, १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. मुळात ती तीस दिवसांची, चार भागांत: आधी आपली पापं, मग ख्रिस्ताचं आयुष्य, मग दुःखसहन, मग पुनरुत्थान. आपल्याला मिळते ती तिची लहानशी वाटी.

फादरांनी इग्नेशियसच्या दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला आधी ठाऊक नव्हत्या. पहिली अशी की मोन्सेरातला त्याने आपले भारी कपडे एका भिकाऱ्याला दिले, तलवार मारियेच्या वेदीजवळ ठेवली आणि गोणपाटासारखा झगा घालून निघाला. थोड्याच वेळात मागून माणूस धावत आला: तो भिकारी सांगतोय हे कपडे दान मिळालेत, खरं का? लोकांनी त्या गरिबाला चोर ठरवलं होतं. इथे मौन मोडून सगळे हसले, फादरही. दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. सगळ्या आयुष्याचं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, करून झाल्यावरही मानरेसाला त्याला तीच तीच जुनी पापं छळत राहिली. तो पुन्हा जाई, पुन्हा तेच सांगे, आणखी बारीक करून सांगे, तरी सुटका नाही. शेवटी एके दिवशी त्याने ठरवलं की मागचं आता पुन्हा कबूल करायचं नाही. एवढा मोठा संत, त्यालाही भूतकाळ एका रात्रीत सुटला नाही, हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

प्रत्येक प्रवचनानंतर तासभर एकट्याने बसायचं. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, एक प्रसंग घ्यायचा आणि त्यात स्वतः उभं राहायचं: काय दिसतं, कसला वास येतो, कोण काय बोलतं. शनिवारी सकाळी लूकचा पंधरावा अध्याय, उधळ्या पुत्राचा: धाकटा मुलगा वाटा उधळून परत येतो आणि बाप मेजवानी घालतो. मी नेमकी शेतातून परतणाऱ्या थोरल्या मुलाच्या जागी उभी राहिले. (आमच्या घरी उधळ्या तो थोरला आणि राबणारी मी, पण असो.) घरातून वाजंत्री ऐकू येतेय, वासरू कापलंय, आणि मला कुणी बोलावणं पाठवलेलं नाही. तासभर मी आंब्याखाली नुसती धुमसत होते. थोरला मुलगा बोलतो त्यात खोटं काहीच नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो, पण तो आत गेला की नाही हे लूक लिहीतच नाही. इतकी वर्षं हा उतारा ऐकला, हे कधी लक्षात आलं नव्हतं.

दुपारी योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय. हा भाग या रिट्रीटचा कळस. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासे, भाकर. फादरांनी आधी अठरावा अध्याय वाचायला लावला: येशूला धरून नेल्याच्या रात्री त्याचा शिष्य पेत्र कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा असतो आणि येशूला तीनदा नाकारतो. आता पुन्हा तोच विस्तव, आणि तीनदाच प्रश्न: माझ्यावर प्रेम करतोस का? 'त्या रात्रीचं विसरून जाऊ' असं येशू म्हणत नाही. ती रात्र काढतही नाही. पेत्राला मासे खायला घालतो, मग विचारतो आणि काम देतो, मेंढरं सांभाळ म्हणून. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील सुकताना पाहिलेल्या बाईला तो विस्तव डोळ्यांपुढे आणायला वेळ लागत नाही. बराच वेळ तिथेच बसून राहिले.

आणि मग संध्याकाळी सगळ्याचा विचका. बाहेरून एक प्रवचनकार आणले होते, सोबत स्पीकर. मौनाच्या रिट्रीटमध्ये स्पीकर! तासभर त्यांचं एकच पालुपद: क्षमा म्हणजे विसरणं, मागचं पुसून टाका, नव्या वर्षाची नवी डायरी उघडा. दुपारी पेत्राकडून जे मिळालं त्याच्या नेमकं उलट. आयोजकांनी एकमेकांशी बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं. लेखी अभिप्रायाच्या कागदावर मी हे लिहिलंय. तो कागदही इंग्रजीत होता, ध्यानाचे कागदही इंग्रजीत, आणि समोर निम्म्याहून अधिक वसईच्या, मराठी शाळेत शिकलेल्या बायका. ही माझी दुसरी तक्रार.

कन्फेशनची सोय मात्र उत्तम. दोन फादर, पडद्याआडून किंवा समोरासमोर, जसं हवं तसं. रांगेत खुर्च्या, आणि कुणी घाई करत नाही. शनिवारी चारच्या आत नंबर लावा, नंतर फार वेळ बसावं लागतं. माझ्या वाट्याला आलेले फादर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. मी वाडीपासून सुरुवात केली, हक्कसोडपत्रापर्यंत पोचले, तसे ते हळूच म्हणाले, "मावशी, भावाचं कन्फेशन भाऊ करील. तुम्ही तुमचं सांगा." पुढचं सांगण्यासारखं नाही. शेवटी मी विचारलं, क्षमा करायची तर दावा सोडायचा का? ते म्हणाले, नाही. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं, तेव्हा येशूने 'राहू दे' म्हटलं नाही. "वकिलाकडे जा. फक्त हक्क मागायला जाताय की त्याला रडवायला, एवढं स्वतःला विचारून जा."

एवढ्या एका वाक्यासाठी मी १५०० काय, ३००० दिले असते.

रविवारच्या मिस्सेत बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा म्हणून घेतात, पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री घेतात तशीच, आणि पाणी शिंपडतात. पुढच्या रांगेत बसलात तर चष्मा पुसायला रुमाल ठेवा.

भावाचं काय झालं, असंही लोक विचारतात. पुढच्या रविवारी मी उजवीकडे वळले आणि हात पुढे केला. त्याने हात धरला आणि विचारलं, गुडघे कसे आहेत? वाडीचे कागद वकिलाकडे दिलेत. हेही त्याला मीच सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर. तो गप्प राहिला, पण निघून गेला नाही.

पाचापैकी चार तारे. एक स्पीकरपायी कापला. नुकतंच कुणी गेलेलं असेल, जखम ताजी असेल, तर एवढ्या मौनात एकट्याने जाऊ नका. आधी आपल्या फादरांशी बोला. गुडघे दुखणाऱ्यांनी तळमजला मागून घ्यावा, लिफ्ट नाही. शाल, टॉर्च, स्वतःचं मराठी बायबल न्या, तिथली प्रत मागून मिळते पण अक्षर बारीक आहे. झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) आधी आणखी एक तुकडी आहे. नावं ऑफिसात सकाळी दहा ते बारा घेतात, पैसे रोख.